उतारावरचा आकडा

तुमच्या घरातल्या माणसाचं नाव भर सभेत घ्यायची वेळ आली, तर घ्याल का हो?

लगेच मान डोलावू नका. दुसऱ्याच्या नवऱ्याचं, दुसऱ्याच्या मेव्हण्याचं नाव घ्यायला या शहरात रांग लागते, आणि रांगेत मध्ये घुसायलाही माणसं असतात. आपल्या माणसाचं म्हटलं की भल्याभल्यांचा घसा बसतो. मुक्ताई लोमटेचाही बसला होता. गुरुवारी दुपारी बसला, तो शनिवारच्या सभेपर्यंत सुटला नाही.

हडपसरच्या पाठीला एक टेकडी आहे. म्हणजे होती. आता तिच्यावर सोसायट्या आहेत आणि सोसायट्यांच्या जाहिरातीत टेकडी आहे. वर नळाला पाणी नाही, त्यामुळे दिवसभर टँकर चढतात. जे चढतं ते उतरतंच. आणि उतार जिथे संपतो, शेवटचं वळण घेऊन रस्ता सरळ होतो, नेमकं तिथे शाळेचं फाटक. हे डोकं कुणाचं, असं विचारू नका. विचारून झालंय. दोन कचेऱ्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं आणि चहा मागवला.

या शाळेत मुक्ताई नववीला विज्ञान शिकवते. मूळची कळंबकडची. अंगाने काडी, पण आवाज असा की मागच्या बाकावरची झोप उडते. गावी नागपंचमीला लिंबाच्या फांदीला झोका बांधायचे, तेव्हा ही एकटी झोका घ्यायचा सोडून तो किती वर जातो ते बघत उभी राहायची. जितका ओढून सोडाल त्याच्या वर तो कधी जात नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे कॉलेजात ऊर्जेचा नियम फळ्यावर आला, तेव्हा तिला आपल्या गावचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं. लग्न होऊन ती पुण्याला आली, कारण नवरा उत्तरेश्वर इथे बजरंगशेठचा पाण्याचा टँकर चालवायचा. दोघांची वाट रोज त्या उतारावर एकमेकांना छेदायची. शाळेवरून जाताना उत्तरेश्वर हॉर्न द्यायचा. दोन आखूड, एक लांब. ते ऐकलं की वर्गात खसखस पिकायची, "मॅडम, आमचे सर आले!" मग मुक्ताई खिडकीतून हात करायची आणि पुढे शिकवायला लागायची.

त्या आठवड्यात धडा होता गती आणि ऊर्जेचा. पुस्तकात गुळगुळीत उतारावरून घरंगळणाऱ्या चेंडूचं चित्र. मुक्ताईने पुस्तक मिटलं.

"चेंडू कशाला? फाटकाबाहेर खरा उतार पडलाय."

त्यात तिचा आणखी एक डाव होता. फाटकासमोर गतिरोधक हवा म्हणून पालकांनी अर्ज करून करून पेनं संपवली होती. क्षेत्रीय कार्यालयातले अभियंते म्हणाले होते, "गाड्या जोरात येतात हे तुमचं मत झालं. मोजमाप आहे का?" शनिवारी पालकसभेला ते स्वतः येणार होते. मोजमाप पाहिजे ना, मग देऊ की. नववीची मुलंच देतील.

मुख्याध्यापक गोपाळकृष्ण आगाशे मूळचे पेठेतले. शब्द मोजून वापरायचे आणि वापरलेल्या प्रत्येक शब्दाला धार लावलेली असायची.

"मॅडम, मुलांना रस्त्यावर न्यायला परवानगी लागते."

"तीच मागायला आलेय सर."

"दिली. लागते, एवढंच सांगितलं."

गुरुवारी दुपारी वर्ग बाहेर आला. फूटपाथच्या आत, कठड्यामागे सगळे उभे. उड्यांच्या मैदानावरची मोजायची फीत आणून रस्त्याच्या कडेला खडूने दोन रेघा ओढल्या, मध्ये तीस मीटर अंतर. वरच्या रेघेशी जयसिंग रुमाल घेऊन. गाडीचं पुढचं चाक रेघेवर आलं की त्याने रुमाल खाली करायचा. खालच्या रेघेशी वैष्णवी, हातात मॅडमचा मोबाईल, त्यात स्टॉपवॉच. ही वैष्णवी म्हणजे वर्गाचा भोंगा. खरं असेल ते ओरडून सांगायचं, एवढीच तिला येणारी शिस्त.

"अंतर भागिले वेळ, म्हणजे वेग," मुक्ताई म्हणाली. "सेकंदाला किती मीटर ते निघेल. त्याला अठराने गुणा, पाचाने भागा, ताशी किलोमीटर मिळतील."

"मॅडम, डायरेक्ट ड्रायव्हरलाच विचारूया ना."

"विचार. पुण्यात कुणी सांगितलंय का आजवर, की मी जोरात होतो?"

मुलं हसली. गाड्या यायला लागल्या. रिक्षा, ताशी पंचवीस. एक मोटारसायकल, चाळीस, वर मागे बसलेल्याने मुलांना चुंबन फेकलं, तेही वैष्णवीला लिहून घ्यायचं होतं. शाळेची व्हॅन, वीस. "व्हॅनवाले काका तुम्हाला बघून स्लो झाले मॅडम, धिस इज चीटिंग!" प्रत्येक आकड्यापुढे गाडीचा नंबर. असं मुक्ताईनेच ठरवलं होतं, नंबराशिवाय मोजणं म्हणजे नुसती गप.

मग टँकर आला.

आधी दिसला, ऐकू आला नाही. तेच विचित्र होतं. एवढं मोठं धूड, आणि इंजिनाची घरघर नाही. नुसता टायरांचा सुस्कारा, आणि पोटात हेलकावणाऱ्या पाण्याची धपधप. जयसिंगचा रुमाल खाली गेला. लगेच हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. खिडकीतून हात बाहेर आला, हलला, आणि टँकर सगळ्यांच्या अंगावर वारा टाकून गेला.

या वेळी कुणी हसलं नाही. वैष्णवीने मोबाईलकडे बघितलं, मग तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. पुन्हा केला.

"मॅडम, साठ."

"बरोबर केलंस का?"

"दोनदा केलं." तिने आवाज खाली आणला. वैष्णवीचा आवाज खाली येऊ शकतो, हे वर्गाला त्या दिवशी कळलं. "मॅडम, लिहू का हा?"

चाळीस जोडी डोळे मुक्ताईवर.

"लिही," ती म्हणाली. "सगळे लिहायचे."

"आणि नंबर?"

मुक्ताईने घड्याळाकडे बघितलं. "तास संपला. चला आत."

वर्गात फळ्यावर आकडे मांडले गेले. प्रत्येक गाडीपुढे नंबर, टँकरपुढे कोरी जागा. मुक्ताईने खडू उचलला आणि शिकवायला लागली. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. आणि गाडी थांबवायची म्हणजे ती सगळी ऊर्जा कुठेतरी घालवायची. ब्रेक तिची उष्णता करतो, म्हणून ब्रेक तापतात. जितकी ऊर्जा जास्त, तितकं थांबायला अंतर जास्त.

"म्हणजे व्हॅन वीसने, टँकर साठने," वैष्णवी म्हणाली. "नऊपट ऊर्जा."

"दोघांचं वजन सारखं असतं तर नऊपट."

वजन सारखं नव्हतं, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. टँकरच्या पोटात किती व्हॅनी मावतील, याचा हिशेब प्रत्येकजण मनात करत होता.

संध्याकाळी उत्तरेश्वर घरी आला, हातपाय धुतले, ताटावर बसला. "आज हात न्हाई केलास? सगळी पलटण घेऊन रस्त्यात काय करत होतीस?"

"तुम्ही उताराला इंजिन बंद करता?"

त्याने भाकरी मोडली. "सगळेच करतात. दांडी ओढायची, इंजिन बंद, गाडी मोकळी सोडायची. खाली आलं की गिअर टाकायचा आन् क्लच सोडायचा, गाडी आपोआप सुरू. फुकटचा वेग हाय त्यो, देवानं दिलेला."

"फुकट नाही अहो. वर चढताना जे डिझेल जाळता ना, तेच त्या उंचीत साठून राहतं. खाली येताना वेग होऊन बाहेर पडतं."

"मग तेच म्हणतोय की मी. शेठचं डिझेल वसूल करतो."

"वसूल करता आणि ते घेऊन थेट माझ्या फाटकावर येता."

उत्तरेश्वरचा घास हातातच राहिला. तुम्हाला वाटेल, रागाने. रागाने नाही. त्याच्या एकुलत्या एका फुशारकीवर बायकोने पाय ठेवला होता. बजरंगशेठ चार माणसांत म्हणायचा, डिझेल राखावं तर उत्तरेश्वरनं. नवे ड्रायव्हर आले की शेठ त्यांना याच्या शेजारी बसवायचा, बघा कसा उतरतो. गावाकडून काही न घेता आलेल्या माणसाला शहराने दिलेलं तेवढंच एक पदक. वर गाडीला आजवर ओरखडा नाही.

"ब्रेक हाय की," तो म्हणाला.

"तुमचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. ती हवा कोण भरतं? इंजिनच ना?"

"हवेच्या टाकीत शिल्लक असती. मला गाडी शिकवू नको, मुक्ते."

"शिकवायचाच पगार घेते मी."

"मग उद्या सकाळी बस माझ्याशेजारी. डोळ्यांनी बघ. हितं भाकरीवर गणितं करू नको."

शुक्रवारी उजाडताना ती टँकरमध्ये चढली. शाळा भरायला अवकाश होता, रस्ता मोकळा. वरच्या सोसायटीत अर्धं पाणी उतरवलं, उरलेलं अर्धं खाली द्यायचं होतं. उत्तरेश्वरने दांडी ओढली. इंजिन मेलं. अचानक पडलेल्या शांततेत टँकर स्वतःहून चालायला लागला, आधी म्हाताऱ्या बैलासारखा, मग तरण्या खोंडासारखा. शेवटच्या वळणानंतरच्या लिंबापाशी थांबतो, असं तो म्हणाला होता. आणि थांबला, बरोबर लिंबापाशी. मुक्ताईच्या चेहऱ्याकडे बघून हसला.

"झालं समाधान?"

"नाही. तुम्हाला माहीत होतं कुठे थांबायचं ते. वरपासून त्याच हिशेबाने येत होता. आता मी सांगेन तिथे थांबायचं."

"कुठं सांगशील?"

"ते आधी सांगितलं तर काय उपयोग? पोर आधी सांगून येतं का रस्त्यात?"

तो चिडला, पण माघार घेणारा गडी नव्हता. शेठचं डिझेल बायकोच्या हट्टापायी जाळतोय, असं पुटपुटत त्याने तोच अर्धा भरलेला टँकर पुन्हा वर नेला. मुक्ताईने मनाशी गणित मांडलं होतं. विजेच्या डीपीपाशी थांबा म्हणायचं. तिथून फाटकापर्यंत जागा भरपूर, कोरडा रस्ता, चांगले टायर. काही झालं तरी फाटकाच्या बऱ्याच अलीकडे गाडी उभी राहील. हे गणित तिचं होतं, आणि तिला त्याचा गर्व होता, हेही सांगितलं पाहिजे.

पुन्हा दांडी, पुन्हा तीच शांतता. वरच्या वळणावर दुधाचा टेम्पो आडवा आला, उत्तरेश्वरने ब्रेक दाबला, सोडला. पुढे कुत्र्यांची झुंड, पुन्हा दाबला. मग एक फिरायला निघालेले आजोबा, कानात वायरी घातलेले, रस्त्याच्या मधोमध. पुन्हा दाबला. दर दाबाला फुस्स होऊन हवा निघून जात होती आणि ती भरायला इंजिन जागं नव्हतं. वळण संपलं. रस्ता सरळ झाला. टँकरने वेग घेतला. डीपी समोर आली.

"थांबा!"

उत्तरेश्वरने पाय रोवला. टँकरने नाक खाली घातलं, वेग तुटायला लागला, आणि मुक्ताईला वाटलं, जमलं. त्याच क्षणी मागून धडक बसल्यासारखं झालं. टाकी अर्धी रिकामी होती; पाणी आत मोकळं होतं. गाडीने थांबायचं ठरवलं, पाण्याने नाही. सगळं पाणी पुढच्या पत्र्यावर येऊन आदळलं आणि त्याने गाडीला पुढे लोटलं. उत्तरेश्वरने पुन्हा दाबला. पायाखाली मघाचा जोर नव्हता. हवा कमी झाल्याचा भोंगा केबिनमध्ये कोकलायला लागला. ब्रेकच्या जळक्या पट्ट्यांचा वास आला. लिंब गेला. पहिली खडूची रेघ गेली. दुसरी गेली.

"गिअर!" मुक्ताई किंचाळली, पण त्याचा हात आधीच गिअरच्या दांड्यावर होता. गिअर कडकडला, बसेना, पुन्हा कडकडला, बसला. क्लच सोडला तसं इंजिन गचके देत जागं झालं, आणि सगळा टँकर हाडं मोडावीत तसा हादरला. फाटक डावीकडून सरकत मागे गेलं. बंद फाटक, त्यावर रंगवलेलं सुविचाराचं वाक्य, कुणाला वाचायला वेळ नव्हता. मग टँकर उभा राहिला. पाणी मात्र आत कितीतरी वेळ पुढेमागे होत राहिलं, आणि त्याबरोबर केबिन डुलत राहिली.

उत्तरेश्वरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी.

खिडकीवर कुणीतरी थापटलं. गोदाबाई होती. शाळेच्या फाटकाशी बसून पेरू, बोरं, चिंचा विकणारी म्हातारी, डोक्यावर पाटी.

"का रं ए उत्तरेश्वरा, माझ्या जागंवर गाडी लावलीस? हटव की. पाटी काय तुझ्या टपावर मांडू?"

उत्तरेश्वरने खाली बघितलं. पुढचं चाक तिच्या बसायच्या फरशीवर होतं. फरशीचे दोन तुकडे झाले होते.

"सरकवतो, मावशे," तो म्हणाला. पण सरकवता येईना. पाय क्लचवर ठरत नव्हता.

शाळेत उतरायच्या आधी तो मुक्ताईला म्हणाला, "आजपास्नं बंद. दांडीला हात लावणार न्हाई. आईची आण."

"बरं."

"पण उद्या सभेत माझं नाव घेऊ नको. शेठ ठेवायचा न्हाई मला. तो आकडा पुसून टाक. आता मी करणारच न्हाई म्हटल्यावर त्या आकड्याचा काय उपेग?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते तिला जास्त टोचत होतं.

दुपारी आगाशे सरांच्या खोलीत ती गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. सर चष्मा पुसत राहिले.

"मॅडम, एक आकडा गाळला तर सरासरी फारशी बदलत नाही. संसार बदलतो." मग चष्मा चढवून तिच्याकडे बघितलं. "हा सल्ला नाही. निरीक्षण आहे. बजरंगशेठ उन्हाळ्यात शाळेला फुकट पाणी देतात, हे आणखी एक निरीक्षण. बाकी आपण विज्ञानाच्या शिक्षिका."

बाहेर वैष्णवी थांबली होती. सभेत आकडे तीच वाचणार होती.

"मॅडम, मी उद्या टँकर स्किप करते. फास्ट वाचते, कुणालाच कळणार नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. कुणी बोलणार नाही, प्रॉमिस."

पोरीने हे प्रेमाने म्हटलं. आणि मुक्ताईच्या काळजात तिथेच कळ आली. खरं ओरडून सांगणाऱ्या या पोरीला गाळायला कुणी शिकवलं? फळ्यावर कोरी जागा कुणी सोडली होती? एका तासात तिने चाळीस मुलांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या: वेग कसा मोजायचा, आणि आपल्या माणसाचा निघाला तर कसा झाकायचा. दुसरी गोष्ट मुलांनी जास्त पटकन उचलली होती.

शनिवारची सभा शाळेच्या हॉलमध्ये. पंखे फिरत होते आणि उकाडाही फिरत होता. पुढच्या रांगेत अभियंते, त्यांच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बजरंगशेठ, शाळेला पाणी देतो म्हणून बोलावलेला. मागे पालक. सगळ्यात मागे, दाराला पाठ लावून, उत्तरेश्वर. बोलावलं नसताना आलेला. बायको काय करते ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं त्याला.

वैष्णवीने वाचायला सुरुवात केली. रिक्षा, नंबर, पंचवीस. मोटारसायकल, नंबर, चाळीस. व्हॅन, नंबर, वीस. मग ती अडखळली. मुक्ताईकडे बघितलं. मुक्ताईने नुसती मान हलवली, वाच.

"टँकर," वैष्णवी म्हणाली. "साठ."

हॉलमध्ये कुजबुज उठली. अभियंत्यांनी मान वर केली. "शाळेसमोर साठ? कुणाचा टँकर?"

बजरंगशेठ खुर्चीत वळला. "साहेब, टेकडीवर काय माझेच टँकर असतात का? बाहेरचे येतात. ना लायसन, ना अक्कल. तसलाच कुणीतरी असणार. आमची माणसं तयार केलेली आहेत."

पालकांनी माना डोलावल्या. बाहेरचा म्हटलं की आपल्याकडे माना लगेच डोलतात. मुक्ताईने मागे बघितलं. उत्तरेश्वर दारातून तिच्याकडेच बघत होता आणि त्याची मान अगदी बारीक, कुणाला दिसणार नाही इतकी, नाही म्हणत होती.

मुक्ताई उभी राहिली.

"बाहेरचा नव्हता. टँकर बजरंगशेठचा. चालक उत्तरेश्वर लोमटे." तिने घसा खाकरला. "माझे पती. उताराला इंजिन बंद करून येत होते. असं करणारे ते एकटे नाहीत, पण मोजले गेले ते, म्हणून नाव त्यांचं. काल सकाळी त्याच गाडीत मी होते. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबेल असा हिशेब मी केला होता. फाटक ओलांडून थांबलो. पाण्याचा धक्का मी धरलाच नव्हता. माझी पदवी तिथे कामाला आली नाही. म्हणून सांगते, आमच्या कुणाच्याच भरवशावर हा उतार सोडू नका."

कुणी खोकलं. बजरंगशेठ हळूहळू उठला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता, पण आवाज गोड होता. असल्या माणसांचा आवाज याच वेळी गोड होतो.

"उत्तरेश्वर, इंजिन बंद कर म्हणून मी तुला कधी सांगितलं?"

"न्हाई शेठ," मागून आवाज आला. "सांगितलं कधीच न्हाई. शाबासकी दिली."

"किल्ली दे."

उत्तरेश्वर दोन रांगांच्या मधून चालत पुढे आला. खिशातून किल्ली काढली, शेठच्या तळहातावर ठेवली. मग अभियंत्यांकडे वळला.

"साहेब, नुसता फाटकाशी ब्रेकर घालून भागायचं न्हाई. फाटकापर्यंत गाडी आली म्हणजे उशीर झाला. पहिला तिकडं वर, डीपीच्या आधी घाला."

आणि मुक्ताईकडे न बघता दारातून निघून गेला.

गतिरोधक झाले. एक डीपीच्या आधी, एक फाटकाशी, पांढरे पट्टे मारलेले, वर पाटी. अर्जांनी जे झालं नाही ते एका आकड्याने आणि एका नावाने झालं. उत्तरेश्वर बरेच दिवस नुसता घरी होता. नंतर एका कंपनीने कामगारांच्या बसवर घेतला. घरात कितीतरी दिवस 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलणं होतं. आता सगळं गोड झालंय असं समजू नका. नाव घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि तिचे हप्ते संपत नाहीत. मागच्या रविवारी मात्र दोघं चहाला बसले असताना त्याने विचारलं, "पाणी पुढं येऊन ढकलतंय, त्याचं गणित काय असतं गं?" तिने सांगितलं. त्याला सगळं पटलं नाही. दोघं त्यावरून संध्याकाळपर्यंत भांडले, आणि ते भांडण दोघांनाही पुष्कळ बरं वाटलं.

पण टेकडीवर सोसायट्या तशाच आहेत, त्यांची तहान तशीच आहे. परवा बजरंगशेठचा तोच टँकर खाली आला, नवा माणूस स्टिअरिंगवर. गतिरोधकावर धाडकन आदळला, तेव्हा मुलांनी खिडकीतून बघितलं. इंजिनाचा आवाज नव्हता.

तुमच्या दारात टँकर येतो ना? उशीर झाला म्हणून त्या माणसाला फोनवर फोन करून झोडपता ना? ते आधी थांबवा. आणि तो पाणी उतरवून निघाला की खाली जा, खिडकीशी उभे राहा आणि त्याला सांगा: बाबा, घाई नाही, उतरताना इंजिन चालू ठेव, गिअरमध्ये ये. उद्या नको. आजची खेप आली की लगेच सांगा.